बहिणीची 'माफी' आणि भावाचा सातबारा

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. सातवीला अपूर्णांक घेताना पुस्तकातली पोळीची आणि पेरूची उदाहरणं संपली की आम्ही फळ्यावर वारशाचं एक गणित मांडतो. एका माणसाचं निधन झालं. त्याची बायको आणि आई-वडील आधीच गेलेले. मागे एक मुलगा, दोन मुली आणि ६ एकर जमीन. कर्ज नाही, वसीयत नाही. तर कुणाला किती?

मुलं पटकन सोडवतात. मुलाचे दोन भाग, प्रत्येक मुलीचा एक, एकूण चार. मुलाला ३ एकर, मुलींना दीड-दीड एकर. मागच्या वर्षी हे गणित झाल्यावर एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, ये तो किताब का हिसाब है. मेरी अम्मी को तो कुछ नहीं मिला." दुसऱ्या बाजूच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "हमारी फुप्पियों ने तो माफ कर दिया, टीचर."

दोन मुलं, दोन वाक्यं. आम्हाला मात्र ती एकच गोष्ट वाटली, दोन घरांतून सांगितलेली. एका घरात जिला 'कुछ नहीं मिला', तिच्याचबद्दल दुसऱ्या घरात 'माफ कर दिया' असं म्हटलं जातं. समाजात सत्ता, रिवाज आणि बाई-पुरुषांबद्दलच्या कल्पना कशा चालतात हे समजून घ्यायला मोठमोठे ग्रंथ लागत नाहीत. आपल्याच घरातला वाटणीचा कागद पुरेसा आहे.

दीन काय सांगतो

सूरह निसाच्या सातव्या आयतीत आई-वडील आणि जवळच्या नातेवाइकांनी मागे ठेवलेल्या मालात पुरुषांचा आणि स्त्रियांचाही हिस्सा ठरवला आहे, माल थोडा असो की जास्त. म्हणजे "एवढंसं तर घर आहे, त्यात काय वाटायचं" ही सबब तिथेच संपते. अकराव्या आणि बाराव्या आयतीत वाटे सांगितले आहेत आणि तेरा-चौदामध्ये या वाट्यांना अल्लाहने घालून दिलेल्या मर्यादा म्हटलं आहे.

या आयतींमागचा प्रसंग हदीसच्या ग्रंथांत येतो. हजरत साद बिन रबी (रजि.) उहुदच्या लढाईत शहीद झाले. मागे बायको आणि दोन लहान मुली. सादच्या भावाने सगळा माल ताब्यात घेतला, कारण त्या काळचा रिवाजच तसा होता. बायको मुलींना घेऊन पैगंबर (स.) यांच्याकडे गेली आणि म्हणाली, यांच्या चाचाने सगळं घेतलं, आता यांची लग्नं कशी होणार? त्यानंतर वारशाच्या आयती आल्या. पैगंबर (स.) यांनी त्या भावाला बोलावलं आणि मुलींना दोन तृतीयांश, त्यांच्या आईला एक अष्टमांश द्यायला सांगितलं. उरेल ते त्याचं. मालाचे २४ भाग धरले तर मुलींचे १६, आईचे ३ आणि चाचाच्या हातात ५.

जो सगळं घेऊन बसला होता, त्याच्याकडे २४ पैकी ५ राहिले. दुसरी गोष्ट, ती बाई हिस्सा मागायला गेली म्हणून तिला कुणी लालची म्हटलं नाही. आपल्याकडे आज कुणी बहीण अशी गेली तर मोहल्ल्यात काय बोललं जाईल, हे आपल्याला माहीत आहे.

मग मधे कोण आलं?

मधे रिवाज आला. १८४७ मध्ये मुंबईच्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन घराण्यांतल्या मुलींनी कुरआनप्रमाणे आपला वाटा मागितला होता. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांच्यापुढे पुरुष नातेवाइकांनी सांगितलं की आमच्या जमातीत मुलींना वारसा देण्याची चाल नाही. कोर्टाने चाल मान्य केली आणि मुली हरल्या. पुढे कच्छी मेमन समाजाला १९२० आणि १९३८ च्या कायद्यांनी शरीयतच्या वारसा नियमांकडे येता आलं. म्हणजे जे दीनात पहिल्यापासून होतं, तिथे पोहोचायला त्या समाजाला जवळपास नव्वद वर्षं लागली.

१९३७ चा शरीयत कायदाही याच दुखण्यातून आला. पंजाबसह अनेक भागांत मुस्लिम घराण्यांमध्ये जमिनीचा वारसा रिवाजाने चालत होता आणि त्यात मुलींना जागा नव्हती. कायद्याच्या उद्देशातच म्हटलं होतं की रिवाजी कायद्याने मुस्लिम स्त्रियांचं नुकसान होतं. उलमा आणि मुस्लिम महिलांच्या संघटना, दोघांचीही ही मागणी होती. पण कायदा झाला तेव्हा कलम २ मधून शेतजमीन वगळली गेली. तो विषय प्रांतांचा आहे, असं कारण होतं. जमीनदारांना ते सोयीचंच होतं. मद्रास प्रांताने १९४९ मध्ये दुरुस्ती करून शेतजमीनही आत घेतली. शेत हीच मुख्य मालमत्ता असलेल्या समाजात शेतच बाहेर ठेवलं, तर मुलीच्या हातात काय उरतं, याचा विचार आपण करावा.

याचा अर्थ शेतात मुलीचा हक्क नाही, असा मात्र होत नाही. शरीयतच्या दृष्टीने वाटा घरात, दुकानात, सोन्यात आणि शेतातही आहे. आपल्याकडे वारस नोंद होताना मुस्लिम कुटुंबातल्या मुलींची नावंही लागतात. अडचण पुढे येते, 'हक्कसोडपत्र' नावाच्या कागदापाशी.

हा रिवाज फक्त मुसलमानांचा नाही, हेही सांगायला हवं. महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क मिळाला. तरी आमच्या शेजारच्या पाटलांच्या आणि कुंभारांच्या घरातल्या लेकीही त्याच दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडीवर सह्या करतात. धर्म वेगळे, कायदे वेगळे, पण बहिणीची सही एकाच जागी. यावरून कळतं की इथे काम करतोय तो मातीतला रिवाज.

गरजेचं चक्र

सत्ता म्हटलं की आपल्याला आमदार-खासदार आठवतात. घरातली सत्ता साधी असते. लोखंडी पेटीची किल्ली कुणाकडे, गट नंबर कुणाला पाठ, तलाठ्याला कोण ओळखतं, चाळीसावा झाल्यावर बैठकीत कोण बसतं आणि चहा कोण करतं. बहिणींना बहुतेक वेळा माहीतच नसतं की अब्बांच्या नावावर काय काय होतं. जिला आकडाच माहीत नाही, ती मागणार तरी काय?

त्यावर नात्याची भीती. आमच्या भागात म्हाताऱ्या बायका लेकींना समजावतात, "भाई का घर खुला रहना गे बेटी, हिस्से का क्या है." उद्या नवऱ्याने घराबाहेर काढलं, तलाक झाला, नवरा वारला, तर जायचं कुठे? माहेरी. मग माहेर राखायचं तर हिस्सा सोडायचा.

हे चक्र नीट पाहा. तिच्या नावावर काही नाही, म्हणून तिला माहेराची गरज. माहेराची गरज, म्हणून ती हिस्सा मागत नाही. हिस्सा मागत नाही, म्हणून तिच्या नावावर काही नाही. यात भावाला काही बोलावंही लागत नाही. त्याने धमकी दिलेली नसते, हात उगारलेला नसतो. सगळं प्रेमाने होतं. रिवाजाची ताकद हीच की घेणाऱ्याला आपण घेतोय असं वाटत नाही आणि देणारीला आपण उदार आहोत असं वाटतं.

'चांगली बहीण'

यात भर पडते ती 'चांगली बहीण' कशी असावी या कल्पनेची. चांगली बहीण मागत नाही. ईदला येते, भाचरांना ईदी देते, दोन दिवस राहून जाते. हिस्सा मागणारी बहीण लालची, किंवा "तिला नवऱ्याने फूस लावली". हे बोलणाऱ्या बऱ्याचदा घरातल्या बायकाच असतात. आईने स्वतः सोडलेलं असतं, म्हणून तिला लेकीनेही सोडावंसं वाटतं. भाभीला नणंदेचा हिस्सा जड वाटतो, पण स्वतःच्या माहेरी तिचाही हिस्सा अडकलेला असतोच. दोघी एकमेकींच्या शेजारी बसून एकच नुकसान सोसत असतात.

मुलगे हे सगळं पाहत मोठे होतात. त्यांना कुणी शिकवत नाही की बहिणीचा हक्क मारा. ते फक्त पाहतात की घरात बहिणीच्या वाट्याचा शब्दही निघत नाही.

यावर नेहमी दोन उत्तरं मिळतात. पहिलं, "तिच्या लग्नात खर्च केला ना." जहेज म्हणजे मीरास नव्हे. जहेजचं कपाट आणि वॉशिंग मशीन सासरी जातं, दहा वर्षांत भंगार होतं, आणि बहुतेक वेळा तिच्या ताब्यातही नसतं. मीरासचा हक्क वडील गेल्यावर सुरू होतो. हयातीत केलेला लग्नाचा खर्च त्यातून वजा करण्याचा नियम नाही. शिवाय भावाच्या लग्नाचा, शिक्षणाचा, दुबईच्या व्हिसाचा खर्च त्याच्या हिश्शातून कुणी वजा केल्याचं आम्ही पाहिलेलं नाही.

दुसरं, "भावावर जबाबदारी असते." खरं आहे. बायको-मुलांचा आणि गरज पडली तर आई-वडिलांचा खर्च त्याच्यावर आहे. म्हणूनच त्याला दोन भाग दिलेत. जबाबदारीचे दोन भाग घेतल्यावर वर बहिणीचा तिसरा भाग कोणत्या जबाबदारीचा?

मुलीचा वाटा अर्धा का, यावर बाहेर मोठमोठे वाद होतात. वाद करणाऱ्यांनी करावेत. पण आधी एवढं पाहावं की अर्ध्यासाठी भांडणाऱ्या आणि अर्ध्याचा बचाव करणाऱ्या, दोघांच्याही गावात मुलीच्या हातात प्रत्यक्षात शून्य पडतं. वर्गात आम्ही शिकवतो की अर्धा आणि शून्य यांत फार मोठा फरक आहे.

आमच्याच घरचं गणित

फळ्यावरचे ते ६ एकर आमच्या दादांचे होते. मुलगा म्हणजे आमचे अब्बा, दोन मुली म्हणजे आमच्या फुप्प्या. हे लिहिणं सोपं नाही, पण दुसऱ्यांना शिकवायचं आणि स्वतःचं झाकायचं, हे बरं नव्हे.

आम्ही चौथीत होतो तेव्हा दोन्ही फुप्प्या तालुक्याला सही करायला आल्या. नवे जोडे शिवलेले, घरी बिर्याणी. धाकट्या फुप्पीने विचारलं होतं, "कागज पे क्या लिखा है?" कुणीतरी म्हणालं, "घर का मामला है." तिने अंगठा दिला. अब्बा वाईट माणूस नव्हते. दर ईदला फुप्प्यांकडे जायचे, त्यांच्या आजारपणात धावायचे. पण ३ एकरांचं पीक आमच्या घरात येत राहिलं. आमच्या बीएडची फी कापूस विकून भरली होती. त्यात फुप्प्यांच्या जमिनीचा कापूस किती, हा हिशोब आम्ही कधी केला नाही.

अब्बा गेले. आमचे दोन भाऊ ६ एकर धरून चालले होते, तीन-तीन वाटून. मोठ्याने आम्हाला हळूच विचारलं, "आपा, तेरी सही कब लेना?" वर्गात दरवर्षी हे गणित घालणारे आम्ही, आठ महिने गप्प बसलो. माहेर तुटेल ही भीती पदवीने जात नाही, हे तेव्हा कळलं.

शेवटी अम्मीसमोर वही काढली. ६ एकरांतले ३ फुप्प्यांचे. राहिले अब्बांचे ३ एकर, म्हणजे १२० गुंठे. अम्मीचा आठवा हिस्सा १५ गुंठे. उरलेले १०५ गुंठे पाच भागांत. दोन्ही भावांना ४२-४२, आम्हाला २१. धाकट्या भावाने वही मिटून ठेवली. त्याचं घर शेतीवर चालतं. ३ एकरांऐवजी १ एकर २ गुंठे ऐकून कुणाचंही तोंड उतरेल. आम्ही त्याला दोष देत नाही. चाळीस वर्षांपूर्वी न दिलेला वाटा आज त्याच्या ताटातून निघत होता.

वर्षभर तो बोलला नाही. मग एका जुम्याच्या नमाजनंतर तोच आला आणि म्हणाला, फुप्पीचं आधी करू. जुनी हक्कसोड नोंदणी केलेली होती, त्यामुळे धाकट्या फुप्पीला दीड एकर परत द्यायला नोंदणीकृत बक्षीसपत्र करावं लागलं, मुद्रांक शुल्क भरावं लागलं. वेळेवर वाटा दिला असता तर हा खर्च वाचला असता. आता तीच जमीन भाऊ बटईने करतो आणि फुप्पीचा अर्धा माल तिच्या घरी पोचवतो. आमच्या २१ गुंठ्यांचंही तसंच. मोठी फुप्पी मात्र वाट न पाहता गेली. तिच्या मुलांचा हिशोब अजून झालेला नाही आणि मोठा भाऊ त्या विषयावर अजून गप्प आहे. सगळं गोड झालं असं आम्ही सांगणार नाही.

आपल्या घरात काय करता येईल

१. क्रम लक्षात ठेवा. आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज. बायकोचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे, ते वाटणीच्या आधी द्यायचं. मग वसीयत असेल तर जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत, तीही वारस नसलेल्यासाठी. मग वाटे.

२. एक साधं उदाहरण. बायको, दोन मुलगे, दोन मुली, आणि सगळं देणं फेडून २४ लाख रुपये. मयताचे आई-वडील हयात नाहीत. बायकोला आठवा हिस्सा, ३ लाख. उरलेले २१ लाख सहा भागांत. मुलींना साडेतीन-साडेतीन लाख, मुलांना सात-सात लाख. आई-वडील हयात असतील तर प्रत्येकाचा सहावा हिस्सा आधी निघतो. मुलगा नसेल तर हिशोब बदलतो, म्हणून जाणकार मुफ्तींना किंवा वकिलांना विचारूनच करा.

३. वडील हयात असताना "मला काही नको" असं लेकीकडून लिहून घेतात. हक्क वडील गेल्यावर निर्माण होतो, त्यामुळे आधी सोडलेला हक्क सामान्यतः ग्राह्य धरला जात नाही. आणि मुलींना टाळण्यासाठी हयातीतच सगळं मुलांच्या नावे हिबा करणाऱ्यांनी हजरत नुमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस वाचावी. एकाच मुलाला देणगी देणाऱ्या त्यांच्या वडिलांना पैगंबर (स.) यांनी विचारलं की सगळ्या मुलांना असंच दिलं का? उत्तर 'नाही' आलं, तेव्हा त्यांनी साक्षीदार व्हायला नकार दिला.

४. वारस नोंद करताना सगळ्या बहिणींची नावं द्या. फेरफार ही महसुली नोंद आहे, ती मालकी ठरवत नाही. नाव लागलं नाही म्हणून बहिणीचा हक्क मरत नाही, पण उशीर झाला की मुदतीचे आणि तिसऱ्याला विक्री झाल्याचे प्रश्न उभे राहतात. बहिणींनी वारस फेरफाराची नोटीस वाचून घ्यावी आणि नाव नसेल तर मुदतीत लेखी हरकत द्यावी.

५. न वाचता सही नाही. वाचता येत नसेल तर आपल्या विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्या. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत कायदेशीर मदत मिळते.

आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट 'माफी'ची. बहीण खरोखर राजीखुशीने देत असेल तर तिला कोण अडवणार? पण जी गोष्ट कधी हातात आलीच नाही, ती माफ कशी करणार? आधी वाटा तिच्या नावावर करा, ताबा द्या. एक पीक तिला घेऊ द्या, एका महिन्याचं भाडं तिच्या हातात पडू द्या. त्यानंतरही ती म्हणाली की भाई, हे तू ठेव, तर ती माफी खरी. आम्हाला वाटतं, फार थोड्या बहिणी परत करतील. आणि त्यातच कळेल की आजवरच्या माफ्या कशाच्या होत्या.

धाकट्या फुप्पीचा सातबारा आला तेव्हा तिला मराठी वाचता येत नव्हतं. तिने आमच्याकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, यात माझं नाव कुठे आहे? आम्ही तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. आता ती माहेरी येते तेव्हा आधी शेताकडे जाते, मग घरी.

येत्या ईदला बहिणीकडे शीरखुर्मा आणि कपडे घेऊन जाल तेव्हा एक वहीही घेऊन जा. जिच्या आईला काही मिळालं नाही ती मुलगी आता आठवीत आहे, आणि फुप्प्यांनी माफ केलं म्हणणारा तो मुलगाही. त्यांच्या घरांत पुढची वाटणी कशी होईल, हे आपण यंदा काय करतो यावर ठरणार आहे.